बोस्टनची थैली : अहमदनगर व जाफना येथील परद्रव्यावरील शाळा

अमेरिकेच्या सरकारनें परदेशांस साहाय्य देण्यासाठीं सन १९६१ मध्यें जें स्वतंत्र खातें उघडलें होतें, तें ता. १ जुलै २०२५ रोजीं बंद झालें. त्या वर्षाच्या जानेवारींतच त्याच्या पैशाचा ओघ एकाएकीं अडविण्यांत आला होता, व त्यामुळें आशिया-आफ्रिकेंतील अनेक देशांत मुलांस वाचावयास शिकविण्याचे जे उपक्रम त्या पैशावर चालले होते ते अर्ध्यावर थांबले. पुष्कळांस हें वृत्त अपूर्व वाटलें. जुनीं दप्तरें चाळणारास मात्र त्यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें. याच देशांतून येणारा शाळांचा पैसा सन १८३७ मध्यें असाच एकाएकीं आटला होता, व सन १८५५ च्या सुमारास देणाराचें मन फिरल्यामुळें चालत्या शाळा मोडल्या होत्या. आणि त्या दोन्ही प्रसंगांचा संबंध मुंबई, अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) व सिंहलद्वीपांतील जाफना या स्थळांशीं आहे.

गरीब देशांच्या शाळांस श्रीमंत देशांनीं पैसा दिल्यानें तेथील शिक्षण सुधारतें कीं नाहीं, हा वाद अर्थशास्त्री कित्येक वर्षें घालीत आहेत. पैशानें पटावरील मुलें वाढतात, परंतु पटावरील मुलास वाचतां येतेंच असें नाहीं, इतकें बहुतेकांस मान्य दिसतें. त्यापुढील आंकडेमोडींत शिरण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु त्या वादांत बहुधा दहापांच वर्षांचा हिशेब पाहिला जातो, आणि शाळेचें फळ पिकण्यास तर पन्नास वर्षें लागतात. ज्या व्यवहारास दोनशें वर्षें लोटलीं त्याचा ताळेबंद मांडून पाहणें हें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम आहे, व तें आम्ही येथें यथाशक्ति करीत आहों.

परदेशीं ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठीं सन १८१० मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत एक बोर्ड स्थापन झालें. त्याचा कारभार बोस्टन शहरांतून चाले. त्याचे पहिले लोक सन १८१२ मध्यें कलकत्त्यास उतरले तेव्हां कंपनी सरकारनें त्यांस देश सोडून जाण्याचा हुकूम केला. त्यांपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस येऊन पोंचले. गव्हर्नर सर इव्हान नेपिअन यांच्याशीं पुष्कळ लिहिणेंबोलणें होऊन अखेर त्यांस राहूं देण्यांत आलें. त्यांचा सोबती सॅम्युअल न्यूएल याची पत्नी मॉरिशस बेटांत वारली; तो तेथून सिंहलद्वीपांत गेला, तेथील स्थिति पाहून त्या बेटांत मिशन घालावें असें त्यानें बोस्टनला कळविलें, व मग सन १८१४ मध्यें मुंबईस येऊन तो हॉलला मिळाला. सन १८१६ मध्यें अमेरिकन लोक जाफन्यास येऊन राहिले त्याचें बीज या प्रवासांत आहे. सारांश, मराठी मिशन आणि जाफन्याचें मिशन हीं एकाच थैलीवर वाढलेलीं दोन भावंडें होत. आपल्याकडे मिशनच्या शाळांविषयीं लिहितांना जाफन्याचें नांवही सहसा येत नाहीं, ही उणीव आम्हांस फार दिवस जाणवत आली आहे. कारण एका भावंडाच्या अंगावर जी गोष्ट पुसट दिसते ती दुसऱ्याच्या अंगावर ठळक उमटलेली आहे.

मुंबईंतील शाळा सन १८१५ च्या सुमारास सुरू झाल्या. शिकविणारे पंतोजी बहुधा हिंदूच असत. ख्रिस्ती पंतोजी त्या काळीं मिळावा कोठून? गांवठी शाळांत तोंवर छापील पुस्तक जवळजवळ नव्हतें. धूळपाटी, मोडीचें वळण, उजळण्या आणि पाठांतर एवढ्यावर काम भागे. मिशनच्या शाळेंत छापील बालबोध पुस्तक पोराच्या हातीं आलें. आईबापांनीं अक्षरासाठीं पोर पाठविलें व अक्षराबरोबर येणारी धर्माची प्रश्नोत्तरें सोसून घेतलीं. सन १८२४ मध्यें मुंबईंत मिशननें मुलींची शाळा काढली. तीन वर्षांनीं, म्हणजे सन १८२७ च्या अखेरीस, सिंथिया फरार ही अविवाहित बाई मुलींच्या शिक्षणासाठींच म्हणून येथें आली. सन १८३९ पासून ती अहमदनगरास होती, आणि तेथेंच सन १८६२ मध्यें वारली. तीस वर्षांहून अधिक काळ परमुलुखांत राहून मुलींस अक्षर शिकविणें ही गोष्ट कोणत्याही जमाखर्चांत बसणारी नाहीं. पैशाविषयीं आम्ही पुढें कांहीं कठोर लिहिणार आहों, तें या बाईस लागू नाहीं.

जाफन्यास याच वेळीं याहून मोठें काम उभें राहिलें. सन १८२३ मध्यें वट्टुकोट्टै येथें मुलांसाठीं एक विद्यालय व पुढील वर्षीं उडुविल येथें मुलींची निवासी शाळा निघाली. वट्टुकोट्टै येथें इंग्रजी व तामिळ यांबरोबर गणित, ज्योतिष आणि संस्कृत हेही विषय असत. त्या काळच्या आपल्या मुंबई इलाख्यांत एका छपराखालीं हें सर्व शिकविणारी संस्था सांपडणें कठीण. विद्यालयाचे पहिले मुख्य डॅनियल पूर यांचा व तेथील पंचांगकर्त्यांचा सन १८२९ मधील चंद्रग्रहणाच्या गणितावरून जो वाद झाला तो तिकडे अद्याप सांगितला जातो. (वाचकांस येथें सिहोरच्या सुबाजी बापूंच्या सन १८३६ मधील 'सिद्धांतशिरोमणिप्रकाशा'ची आठवण होईल. तेथें विल्किन्सन साहेबांनीं नवें ज्योतिष शिकविण्यास भास्कराचार्यांचाच आधार घेतला. जाफन्यास पंचांगाचें खंडन हें धर्मखंडनाचें साधन करण्यांत आलें. दोहोंत कोणती रीति शहाणपणाची हें आम्हीं सांगावयास नको.)

या शाळांतील एक चाल मोठी सूचक आहे. अमेरिकेंतील एखादा गृहस्थ किंवा एखादी मंडळी एका मुलाचा खर्च पत्करी, आणि त्याच्या बदल्यांत त्या मुलास देणारानें सांगितलेलें नांव मिळे. त्यामुळें जाफन्यांतील शैव घराण्यांत जन्मलेलीं मुलें न्यू इंग्लंडमधील पाद्र्यांचीं व व्यापाऱ्यांचीं नांवें घेऊन वावरूं लागलीं, व कांहींच्या नांवांमागें तीं अक्षरें जन्मभर राहिलीं. दान घेणाराचें नांव दानपत्रांत येणें आपणांस परिचित आहे. ताम्रपटांचा अभ्यास करणारांस तें सांगण्याची गरज नाहीं. पण दात्याचें नांव प्रतिग्रह करणाराच्या अंगास चिकटविण्याची चाल आमच्या पाहण्यांत दुसरी नाहीं.

सन १८३७ मध्यें अमेरिकेंत व्यापाराचा मोठा बोजवारा उडाला. त्या वर्षाच्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या पेढ्यांनीं नोटांच्या बदल्यांत नाणें देण्याचें बंद केलें. बोर्डाच्या वर्गण्या घटल्या, बोस्टनहून काटकसरीचें फर्मान सुटलें, आणि जाफना मिशनला आपल्या खेडोपाडींच्या शाळा मोडून पांच हजारांहून अधिक मुलांस घरीं पाठवावें लागलें. या मुलांनीं किंवा त्यांच्या पंतोजींनीं कोणता अपराध केला होता? त्यांच्या शेतांत पीक आलें होतें, गांव जागच्या जागीं होता, शिकविणारा व शिकणारा दोघेही हजर होते. दहा हजार मैलांवर एक पेढी बसली म्हणून येथील धूळपाटी पुसली गेली. मराठी मिशनच्या हातांतही त्या सुमारास काटकसर आलीच, परंतु तेथील पसारा मुळांत लहान असल्यामुळें घाव तितका खोल दिसत नाहीं.

हा झाला पैसा आटल्याचा प्रसंग. दुसरा प्रसंग पैसा असून मन फिरल्याचा आहे, आणि आमच्या मतें तोच अधिक विचार करण्याजोगा आहे.

सन १८५४ च्या अखेरीस बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन हे दुसऱ्या एका गृहस्थांसह तपासणीसाठीं या देशीं आले. मुंबई व अहमदनगर पाहून, तेथील मंडळीबरोबर खल करून, ते पुढें जाफन्यास गेले. अँडरसन हे कांहीं सामान्य बुद्धीचे गृहस्थ नव्हते. एतद्देशीय ख्रिस्ती मंडळ्यांनीं आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपला प्रसार आपण करावा, असें त्यांचें प्रसिद्ध मत होतें. इंग्रजी शिकून मुलगा सरकारी कचेरींत कारकून होतो, देवळाच्या कामास येत नाहीं. सबब देशभाषेंतूनच शिकवावें, असें त्यांनीं ठरविलें. अहमदनगर येथील इंग्रजी शिक्षण बंद झालें. जाफन्यास तर बत्तीस वर्षें चाललेलें वट्टुकोट्टैचें विद्यालयच सन १८५५ मध्यें मोडण्यांत आलें.

अँडरसन यांचें मत अगदीं टाकाऊ होतें असें आम्ही म्हणत नाहीं. जन्मभर मराठी मुलांस शिकविलेल्या माणसास देशभाषेचा पक्ष परका कसा वाटेल? परंतु विरोध पाहा. इतरांनीं स्वावलंबी व्हावें असें ज्याचें तत्त्व, त्यानेंच तें तत्त्व थैलीच्या जोरावर, त्या इतरांस न विचारतां, अंमलांत आणिलें. शाळा कशासाठीं हा प्रश्न जाफन्याच्या आईबापांस विचारला असता तर त्यांचें उत्तर बोस्टनच्या उत्तराहून निराळें आलें असतें. आणि तें उत्तर कारकुनीच्या लोभाचें होतें म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. दोन वर्षांनीं, सन १८५७ मध्यें, मद्रास विश्वविद्यालयाची बी. ए. ची पहिली परीक्षा झाली. तींत जे दोन पहिले पदवीधर झाले, ते दामोदरम् पिळ्ळै आणि विश्वनाथ पिळ्ळै हे दोघेही त्या मोडलेल्या विद्यालयाचे विद्यार्थी होते! ज्या झाडास फळ येत नाहीं म्हणून तें तोडलें, त्याचीं फळें तोडल्यावर दोन वर्षांनीं बाजारांत आलीं.

दामोदरम् पिळ्ळै यांची पुढील हकीकत या त्रैमासिकाच्या वाचकांस विशेष गोड वाटेल. परदेशी दात्यांच्या पैशानें शिकलेले हे गृहस्थ पुढें शैव संप्रदायांत परत आले, व ताडपत्रांवर कुजत पडलेल्या प्राचीन तामिळ ग्रंथांच्या मागें लागले. तोल्काप्पियम् या व्याकरणाचा एक भाग टीकेसह, वीरशोळियम्, आणि सन १८८७ मध्यें कलित्तोगै हा संघकालीन काव्यसंग्रह त्यांनीं छापून काढिला. पोथ्या मिळवितांना व पाठ जुळवितांना काय यातना पडतात हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. त्यांनीं तें काम सरकारी नोकरी सांभाळून केलें. बोस्टनच्या देणगीदारानें पैसा दिला तो मूर्तिपूजकांचीं पोरें ख्रिस्ती व्हावीं म्हणून. आणि त्या पैशाचें एक उत्तम फळ म्हणजे तामिळांच्या जुन्या वाङ्मयाचा उद्धार.

आपल्याकडेही असेंच घडलें आहे. मुंबईंतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं मराठी टाइपांस सुबक वळण दिलें. त्याच छापखान्याच्या टाइपांच्या कारखान्यांत जावजी दादाजी हा गरीब मुलगा टाइप घांसण्याच्या कामावर लागला. पुढें याच जावजींनीं सन १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढिला, आणि सन १८८६ पासून त्यांतून काव्यमाला निघूं लागली. संस्कृताचा अभ्यास केलेला आमच्या पिढीचा कोणता माणूस निर्णयसागरच्या अक्षरावर वाढला नाहीं? आमच्या स्वतःच्या रघुवंशाचें पान उघडलें कीं बायबल छापण्यास आलेल्या पैशाचा एक कण त्यांत आहे, ही जाणीव आम्हांस होते व थोडें हसूंही येतें.

आतां सन १८४८ या सालाकडे वळूं. त्या वर्षीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढिली. त्यापूर्वीं आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह अहमदनगरास जाऊन त्यांनीं फरारबाईंची शाळा डोळ्यांनीं पाहिली होती. सावित्रीबाईंचें अध्यापनाचें शिक्षणही तेथें झालें असें चरित्रकार सांगतात. त्याच वर्षीं जाफन्यांत वण्णारपण्णै येथें आरुमुग नावलर यांनीं शैवप्रकाश विद्याशाला स्थापिली. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले; नावलर वेस्लियन मिशनच्या शाळेंत शिकून तेथेंच शिकवीत असलेले व पर्सिव्हल पाद्रीसाहेबांस बायबलाच्या तामिळ भाषांतरांत साहाय्य केलेले. दोघांनींही परक्यांची शाळा आंतून पाहिली, तिची रीति उचलली, आणि हेतु मात्र आपला घातला. नावलरांचा हेतु शैव धर्म राखण्याचा. जातीच्या बाबतींत ते पक्के सनातनी होते. फुले यांचा हेतु याच्या अगदीं उलट, म्हणजे स्त्रिया व शूद्रातिशूद्र यांच्या हातीं विद्या देण्याचा. इतके विरुद्ध हेतु एकाच सांच्यांतून निघावे, यावरून सांचा देणाराचा हेतूवर किती अल्प ताबा असतो हें दिसतें.

पैशाच्या दृष्टीनें पाहिलें तर नावलरांनीं शाळेबरोबर छापखाना घातला, पुस्तकें स्वतः लिहिलीं, आणि सरकारी अनुदान बराच काळ न मिळतां लोकांच्या वर्गणीवर शाळा चालविली. फुले यांच्या मुलींच्या शाळांस युरोपियन गृहस्थांची मदत होती हें खरें. परंतु त्यांस कांहीं मासिक साहाय्य दक्षिणा फंडांतूनही मिळालें, आणि दक्षिणा फंड म्हणजे दुसरें काय? श्रावणमासीं पर्वतीच्या रमण्यांत ब्राह्मणांस वाटली जाणारी पेशव्यांची दक्षिणा, तिचाच इंग्रजी अमलांत उरलेला अवशेष. नमुना अमेरिकेचा, वाडा भिड्यांचा, आणि द्रव्याचा एक हिस्सा पेशवाईचा! येथें सन १८२७ मधील गोष्टही आठवावी. एल्फिन्स्टन साहेब परत जावयास निघाले तेव्हां मुंबईच्या लोकांनीं दोन लाखांहून अधिक रुपये जमवून इंग्रजी विद्या शिकविणाऱ्या अध्यापकांची योजना केली. परविद्या पाहिजे असल्यास लोक तिचें मोल आपल्या गांठीचें देत, मग ती कोणी फुकट द्यावयास येवो अथवा न येवो.

जाफन्याचाही शेवट असाच झाला. विद्यालय मोडल्यावर तेथील जुन्या विद्यार्थ्यांनीं व गांवच्या लोकांनीं तें पुन्हां उघडावें म्हणून खटपट चालविली, पैसा उभा केला, आणि सन १८७२ मध्यें त्याच जागीं जाफना कॉलेज निघालें. त्यास अमेरिकेचा पैसा पुढेंही मिळाला. पण मागणी येथील होती. अहमदनगरास कॉलेज निघण्यास सन १९४७ उजाडलें, व तें भास्करराव हिवाळे यांनीं काढिलें.

या सर्व प्रकरणांत एक मोठी अडचण आहे, व ती आधींच सांगावयास हवी होती. या शाळांविषयीं आपण जें जाणतों त्याचा बहुतेक भाग बोस्टनला गेलेल्या अहवालांवरून व तेथें छापल्या जाणाऱ्या मासिकावरून जाणतों. अहवाल देणगीदारांनीं वाचावा म्हणून लिहिलेला असतो. तो खोटा असतो असें नव्हे. पण पुढील वर्षाची वर्गणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिणाराची लेखणी कशी वळते याचा अनुभव आम्हांस थोडाफार आहे. सन १९९४ पासून मराठवाड्यांतील पांच जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षणाची एक मोठी योजना चालली. तींत जागतिक बँकेच्या द्रव्याचा मोठा भाग होता. आम्ही तेव्हां त्यांपैकीं एका जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतों. एके वर्षीं शाळेस साहित्याची एक पेटी आली. मोडतोड झाल्यास भरपाई कोण देणार, या भीतीनें ती कपाटांत कुलुपबंद राहिली. आणि तक्ता भरावयाची वेळ आली तेव्हां 'वापर' या रकान्यांत 'नियमित' असें लिहावें अशी वरून सूचना झाली. आम्हीं तसें लिहिलें. ही गोष्ट सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, पण शंभर वर्षांनीं कोणी संशोधक तो तक्ता पुरावा म्हणून पुढें करील, त्यापेक्षां आज कबूल केलेली बरी. त्याच योजनेंत प्रत्येक शिक्षकास वर्षास पांचशें रुपये स्वतःच्या बुद्धीनें खर्च करण्यास मिळत. त्या पांचशांतून आणलेले चिंचोके, काडेपेट्या, रंगीत पुठ्ठे आणि बुरुडाकडून करवून घेतलेल्या कांड्या यांवर आमच्या वर्गांतील पोरें हातचा घ्यावयास शिकलीं, हेंही तितकेंच खरें आहे. तें कोणत्याही तक्त्यांत आलें नाहीं.

म्हणूनच बोस्टनकडे गेलेल्या कागदांस येथें राहिलेल्या कागदांची जोड मिळाल्याशिवाय हा ताळेबंद पुरा होणार नाहीं. मिशनच्या शाळेवरील पंतोजीस पगार काय होता, तो मुलांच्या संख्येवर ठरे कीं कामावर. शाळा मोडल्यावर त्यानें घरच्या ओटीवर मुलें बसविलीं कीं दुसरा धंदा धरला. कोणत्या जातीचीं मुलें किती दिवस येत व कोणत्या ऋतूंत गळत. हें त्याच्याच मोडी कागदांवरून कळावयाचें. अहमदनगर, वडाळें, शिरूर, सातारा व मुंबई या बाजूंच्या घराण्यांत सन १८१५ ते १८६० च्या दरम्यानचे पंतोजींचे हजेरीपट, पगाराच्या पावत्या, खासगी पत्रें किंवा शाळेच्या जागेच्या भाड्याचे करार असण्याचा पुष्कळ संभव आहे. जमीनजुमल्याच्या दप्तरांत असे चिटोरे निघाले कीं ते निरुपयोगी म्हणून बाजूस टाकले जातात. ज्यांच्या संग्रहीं ते असतील त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं मंडळास कळवावें. नक्कल करून मूळ कागद परत पोंचविण्याची व्यवस्था आम्ही आनंदानें करूं.